खानेसुमारीच्या रकान्यातले बाबासाहेब

१८९१ सालची खानेसुमारी २६ फेब्रुवारीला झाली. त्यानंतर सत्तेचाळीस दिवसांनी, १४ एप्रिलला, महूच्या लष्करी छावणीत सुभेदार रामजींच्या घरी चौदावे अपत्य जन्माला आले. या देशाच्या शिरगणतीचे तक्ते ज्यांनी पुढे आयुष्यभर मन लावून वाचले, त्या बाबासाहेब आंबेडकरांची स्वतःची पहिली गणती अशी दीड महिन्याने हुकली.

बाबासाहेबांची चरित्रे पुष्कळ आहेत आणि ती लिहिणारे माझ्याहून अधिकारी आहेत. घटनेचे शिल्पकार, महाडचे सत्याग्रही, नागपूरला धम्मदीक्षा घेणारे बाबासाहेब आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. मला आज सांगायचे आहे ते तक्ते वाचणाऱ्या बाबासाहेबांविषयी. आयुष्याची तीसहून अधिक वर्षे बँकेच्या लेजरांत काढल्यामुळे असेल, मला पुस्तक हाती आले की मागची परिशिष्टे आधी उघडायची खोड आहे. ताळेबंदातला खरा मामला खालच्या टिपांत असतो हे बँकवाल्याला सांगावे लागत नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या मागे पाहावे तर जिल्हावार लोकसंख्या, धर्मवार लोकसंख्या, जागांचे हिशेब, टक्केवाऱ्या! कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला हे रुक्ष वाटायला हवे होते. पण वाचता वाचता ध्यानात येते, की यातला एकेक आकडा कुणाच्या तरी दाराशी जाऊन आणलेला आहे आणि कुणाच्या तरी दारावर भांडणासाठी उभा केलेला आहे.

आमच्या वऱ्हाडातली जुनी माणसे जनगणनेला खानेसुमारीच म्हणत. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजदाद. माणसे मोजायची तर आधी घर मोजायचे आणि घर म्हणजे काय, तर एका चुलीवरचे जेवणारी माणसे. ही व्याख्या आजच्या जनगणनेतही मुळात तशीच आहे. बाहेरून एकच वाडा दिसत असला तरी आत दोन चुली असल्या की कुटुंबे दोन. जातीने ज्या देशात कुणी कुणाच्या चुलीवरचे खायचे हे ठरवून टाकले होते, त्या देशात मोजणीचे एकक चूल असावे, यात एक विलक्षण योग आहे.

अखिल भारतीय गणना सुरू होण्याआधीच, १८६७ मध्ये, वऱ्हाडची स्वतंत्र खानेसुमारी झाली होती. प्रांत निजामाचा, कारभार इंग्रजांचा. तेव्हा सव्वाबावीस लाखांच्या आसपास माणसे भरली. १८९१ मध्ये ती २८,९७,४९१ झाली आणि १९०१ मध्ये २७,५४,०१६. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट जवळजवळ दीड लाखाची तूट! मधल्या काळात दुष्काळ होऊन गेले होते, त्यांतला १८९९-१९०० चा सर्वांत भयंकर. हिशेब मांडणाऱ्याने इथे एवढ्यावर थांबायचे नसते. सुगीची वर्षे असती तर लोकसंख्या कुठवर गेली असती, त्या आकड्यातून प्रत्यक्षातला वजा करायचा, म्हणजे खरी तूट कळते. जे जन्मलेच नाहीत तेही या वजाबाकीत येतात.

याच १९०१ साली छोटा भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत होता. वर्गात इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचे, तहान लागली तर कुणीतरी वरून पाणी घालील तेव्हा प्यायचे, असे ते शिक्षण. चौदा भावंडांपैकी तीन भाऊ आणि दोन बहिणीच पुढे जगल्या होत्या. आईचे छत्र लहानपणीच हरपले होते. बालमृत्यू हा त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी घरातच पाहिलेला विषय होता.

१९११ ची गणना झाली तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. या गणनेत एक नवीनच गोष्ट घडली. मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे कायदेमंडळातल्या जागांचा संबंध लोकसंख्येशी जोडला जाऊ लागला होता आणि ज्यांना हिंदू समाज जवळही करीत नाही त्यांना हिंदूंच्या संख्येत का धरता, असा सवाल मुस्लिम पुढाऱ्यांनी केला होता. खानेसुमारीचे कमिशनर ई. ए. गेट यांनी मग प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना दहा कसोट्या लावायला सांगितल्या. कोणत्या जाती ब्राह्मणाचे श्रेष्ठत्व मानत नाहीत, कोणाला गुरूकडून मंत्र मिळत नाही, कोणाकडे चांगला ब्राह्मण पौरोहित्याला जात नाही, कोणाला देवळाच्या आत प्रवेश नाही, कोणाच्या स्पर्शाने विटाळ होतो, वगैरे.

मध्य प्रांत व वऱ्हाडचे उत्तर वाचण्याजोगे आहे. हिंदू म्हणून नोंदलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना मंत्र मिळत नव्हता, एक तृतीयांशांना देवळात प्रवेश नव्हता आणि एक चतुर्थांशांचा स्पर्श विटाळ मानला जात होता. दर तिघांत एक आणि दर चौघांत एक! हे कोणा सुधारकाच्या भाषणातले नव्हे, सरकारी अहवालातले प्रमाण. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण यावर ग्रंथ लिहिला, त्यात या दहा कसोट्यांना मानाचे स्थान दिले. सदतीस वर्षांपूर्वीचे एक प्रशासकीय परिपत्रक त्यांनी साक्षीदार म्हणून उभे केले.

तिघांत एक या प्रमाणाचा चेहरा पाहायचा तर अमरावतीला यावे लागेल. अंबादेवीचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२७ साली इथे चळवळ उभी राहिली आणि १३ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम मुंबईला वारल्याची बातमी त्यांना कळली. अंबादेवीच्या ओटीला जाणाऱ्या आमच्या घरांतल्या किती जणांना ही हकीकत ठाऊक असेल, कोण जाणे.

थोडे मागे जातो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे मे १९१६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. या निबंधाचे नाव सगळे घेतात, पण त्याचा गाभा हा लोकसंख्याशास्त्राचा आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. एखाद्या गटाने ठरवले की लग्ने आपल्या आपल्यातच करायची, तर त्या गटाला कसली काळजी पडेल? लग्नाच्या वयाचे पुरुष आणि लग्नाच्या वयाच्या स्त्रिया यांची संख्या सारखी ठेवण्याची. नवरा मेला की एक बाई जास्त झाली, बायको मेली की एक पुरुष जास्त झाला. जास्तीची बाई दुसऱ्या कुणाशी लग्न करील तर एका कुमारिकेचा वर गेला, आणि जातीबाहेर गेली तर कुंपण मोडले. मग तिला नवऱ्याबरोबर जाळा किंवा जन्मभर विधवा ठेवा. जास्तीच्या पुरुषाला असे काही करता येत नाही, कारण त्याची किंमत मोठी. त्याला मग अजून लग्नाच्या वयात न आलेली, खालच्या वयोगटातली मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी त्यांनी एका जमाखर्चात बसवून दाखवल्या.

हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या घरातल्या एक आजी डोळ्यांपुढे आल्या. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी वैधव्य, आणि पुढची सहा दशके माजघरात. घरात त्यांच्या नशिबाबद्दल सगळे बोलत. त्या एका ताळेबंदात जास्तीची रक्कम ठरल्या होत्या, हे कुणाला सुचले नव्हते.

१९१८ साली बाबासाहेबांनी शेतीच्या तुकड्यांवर लिहिले. तेव्हा सगळ्या अर्थशास्त्र्यांचा रोख तुकडे जोडण्यावर होता. बाबासाहेब म्हणत होते, की तुकडा लहान आहे की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर किती हात आणि किती भांडवल लागले आहे यावर ठरते. जमिनीवर पोट भरणाऱ्यांची गर्दी झाली आहे, ती कारखानदारीकडे वळवल्यावाचून सुटका नाही. पीककर्जाची कागदपत्रे तपासताना मी असे सात-बारे पाहिले आहेत, ज्यांवर चार एकरांना अकरा नावे आहेत. कर्ज मागायला आलेला एकटा, बाकीचे दहा पुण्या-मुंबईला किंवा सुरतेला. मला तेव्हा हा निबंध ठाऊक असता तर त्या उताऱ्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहिले असते.

आकड्यांची खरी लढाई झाली १९३२ साली. पहिली गोलमेज परिषद आटोपून बाबासाहेब १९३१ च्या फेब्रुवारीअखेर परतले, त्याच सुमारास त्या वर्षीची खानेसुमारी पार पडली होती. पुढल्या वर्षी मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवायला लोथियन समिती देशभर फिरली. बाबासाहेब तिचे सभासद होते. अस्पृश्यांना जागा द्यायच्या तर ते किती आहेत हे ठरवणे आले आणि इथे एक चमत्कार झाला. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात, खानेसुमारीच्या हिशेबाने सव्वा कोटीच्या घरात असलेले अस्पृश्य तिथल्या प्रांतिक समितीच्या मते अवघे सहा लाख होते. बंगालमध्ये एक कोटीहून अधिक होते, ते समितीच्या मते सत्तर हजार!

बँकेत शिल्लक अशी रातोरात नाहीशी झाली तर आम्ही तिजोरीला सील ठोकले असते. इथे माणसे नाहीशी झाली होती. कोणी मेले नव्हते, कोणी परगावी गेले नव्हते, व्याख्या तेवढी बदलली होती. बाबासाहेबांनी कारण नेमके ओळखले. जोवर या आकड्यावर काही अवलंबून नव्हते तोवर कोणाला त्याचे सोयरसुतक नव्हते. आकड्याप्रमाणे जागा द्यायची वेळ आली, तेव्हा अस्पृश्यता आमच्याकडे नाहीच असे सांगणे सोयीचे झाले. त्यांनी १ मे १९३२ ला समितीला वेगळे टिपण दिले. प्रत्यक्ष शिवले तर आंघोळ करतात का, एवढेच विचारून भागणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आगगाडीत आणि गिरणीत कोणी कोणाला शिवल्यावाचून राहत नाही. पण शिवूनही मनात जो भेद उरतो तीही अस्पृश्यताच, आणि दक्षिणेची मोजपट्टी उत्तरेला लावून माणसे गाळता येणार नाहीत. प्रश्नाची शब्दरचना बदलली की उत्तरातली लोकसंख्या बदलते, हा आजच्या पाहणीशास्त्राचा पहिला धडा आहे. तो त्यांनी तिथे समितीला दिला.

त्याच वर्षी सप्टेंबरात पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत दलितांसाठी १४८ जागा ठरल्या. त्यांत बंगालच्या ३० आणि आमच्या मध्य प्रांताच्या २० होत्या. सत्तर हजारांचा आकडा पक्का धरला असता तर बंगालला किती मिळाल्या असत्या, याचे त्रैराशिक वाचकांनी फावल्या वेळात मांडून पाहावे.

घरचा हिशेब मात्र क्रूर होता. रमाबाईंना झालेल्या पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव जगले. गंगाधर, रमेश, इंदू ही गेली आणि १९२६ मध्ये लाडका राजरत्नही गेला. स्वतः रमाबाई १९३५ साली गेल्या. मुंबई कायदेमंडळात १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाची साधने सरकारने लोकांना उपलब्ध करून द्यावीत असा ठराव बाबासाहेबांच्या पक्षातर्फे आला. ते त्या दिवशी हजर नव्हते, पी. जे. रोहम यांनी तो मांडला. वारंवारच्या बाळंतपणांनी बाईच्या शरीराची होणारी होळी हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. ठराव मोठ्या फरकाने पडला. त्या काळी असा विषय काढणेही चावट समजले जाई.

पुढच्या वर्षांविषयी भराभर सांगतो. १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर त्यांनी ग्रंथ लिहिला, तोही जिल्हावार लोकसंख्येचे तक्ते आणि नकाशे घेऊन. पंजाब आणि बंगाल हे प्रांत अखंड धरायचे कारण नाही, जिल्ह्यांचे आकडे वेगळेच बोलतात, हे त्यांनी तेव्हाच दाखवले होते. १९४१ ची गणना महायुद्धात सापडली आणि जातींचे तक्ते निघालेच नाहीत. मग घटना आली. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात असतील आणि प्रत्येक जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना होईल, ही तत्त्वे घटनेत लिहिली गेली. प्रगणकाची वही अशी थेट संसदेच्या पायाशी नेऊन ठेवली गेली. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी महाराष्ट्राची चार राज्ये सुचवली. त्यांतले एक आपल्या विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचे. त्यावर वऱ्हाडात आजही वाद घालता येतो. तो मी इथे घालत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला ते गेले. त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी नोंद ज्या खानेसुमारीत झाली ती त्यांनी पाहिली नाही.

आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. अकराशे पटींहून जास्त! लोकसंख्या वाढते ती जन्माने आणि बाहेरून आलेल्यांनी, घटते ती मृत्यूने आणि बाहेर गेलेल्यांनी. आरंभीची शिल्लक, जमा, नावे, अखेरची शिल्लक. या चार रकमांत हा आकडा कोणत्याही सूत्राने बसत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही ट्रान्स्फरची नोंद होती. तीच माणसे, तीच घरे, त्याच चुली, खाते बदलले.

आणि हे खाते बदलणे फुकटचे नव्हते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीत धरला जात नसे. राज्य सरकारने आपल्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राची नोकरी, राखीव मतदारसंघ यांवर पाणी सोडावे लागणार होते. धर्माच्या रकान्यात काय लिहायचे याची किंमत आधीच ठरलेली होती.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. १९६१ च्या गणनेत अकोल्याकडच्या एका खेड्यात त्यांना प्रगणकाचे काम होते. मी तेव्हा पाळण्यात. हे मला पुढे त्यांच्या तोंडूनच कळले. गेरूने दारांवर नंबर टाकत ते गावाबाहेरच्या वस्तीत गेले, तेव्हा लोक आधीच अंगणात वाट पाहत बसले होते. वरच्या गावात प्रगणक आला की बायका घाईत उत्तरे देऊन मोकळ्या होत. इथे प्रत्येक घराने धर्माचा रकाना भरल्यावर तो मोठ्याने वाचून दाखवायला लावला. एका म्हाताऱ्या बाईने, जिला अक्षरओळख नव्हती, तो शब्द कुठे लिहिला आहे ते बोट लावून दाखवायला सांगितले आणि त्या जागेकडे ती बराच वेळ पाहत राहिली. वडील फारसे बोलके नव्हते. पण ही हकीकत ते दर दहा वर्षांनी, जनगणना आली की सांगत.

याचे पडसाद पुढच्या तक्त्यांत तीस वर्षे उमटत राहिले. १९८१ च्या गणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा ७.१ होते, १९९१ मध्ये ते एकदम ११.१ झाले. नुसते दोन आकडे समोर ठेवून कोणी जन्मदराचे निष्कर्ष काढू लागला तर फसेल. मधे १९९० साली आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले होते, आणि धर्म बौद्ध लिहूनही जात सांगण्याची वाट मोकळी झाली होती. तळटीप वाचल्याशिवाय तक्ता वाचू नये तो असा.

२०११ च्या गणनेत महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांवर होते. देशातल्या दर चार बौद्धांमागे तिघांहून अधिक. आमच्या अकोला जिल्ह्यात हे प्रमाण शंभरात अठराच्या आसपास भरले, अमरावतीत तेराच्या आसपास. २०२१ ची गणना महामारीने लांबली आणि पुढे तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली. तीत सर्व जातींची नोंद घ्यायची, असा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ ला घेतला. सगळ्या जातींचे आकडे याआधी तक्त्यांत छापले गेले ते १९३१ साली. ते आणि नवे आकडे शेजारी ठेवणाऱ्या आपल्याकडच्या तरुण अभ्यासकाला एक सांगून ठेवतो. १९३१ च्या अकोला जिल्ह्यात वाशीमही होते. तो जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. तुलना करायची तर आजच्या अकोल्यात वाशीम आधी मिळवून घ्यावे लागेल.